गिगाहर्ट्झ कमी, फ्रेम जास्त : ठाण्याच्या उकाड्यात रायझन ७ ७८००एक्स३डी

रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ५ गिगाहर्ट्झ. शेजारी ठेवलेल्या रायझन ७ ७७००एक्सवर ५.४. दोघांत कोअर (काम करणारे गाभे) आठ, थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी) सोळा, सॉकेट (बोर्डावरची बसायची जागा) तोच एएम५, आणि तरी कमी आकडेवाला महाग. नौपाड्यात काय नि वाशीत काय, काउंटरवर हाच प्रश्न येतो : "दादा, स्पीड कमी आणि पैसे जास्त, हे कसं?" "हा गेमिंगचा आहे" एवढंच उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण एवढे पैसे मोजणाऱ्याला त्याने काही कळत नाही.

एएमडीने हा प्रोसेसर एप्रिल २०२३ मध्ये आणला. मूळ क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, ४.२ गिगाहर्ट्झ, बूस्ट, म्हणजे चढता येणारा कमाल वेग, ५.०, आणि एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट साठवण, ९६ मेगाबाइट. ७७००एक्सचं मूळ क्लॉक ४.५, बूस्ट ५.४ आणि एल३ कॅश ३२. फरक एवढाच, की ७८००एक्स३डीमध्ये कोअरच्या चकतीवर ६४ मेगाबाइट कॅशची आणखी एक पातळ चकती चढवलेली आहे. क्लॉक कमी ठेवण्याचं कारणही तीच चकती. कोअरची उष्णता तिच्यातून पार होऊन वर यावी लागते, आणि या रचनेला जास्त व्होल्टेज सोसत नाही. म्हणून कंपनीने बूस्ट ५ वर थांबवला आणि मल्टिप्लायरला कुलूप लावलं. हाताने ५.४ करू म्हणाल तर होणार नाही.

आता क्लॉकचा फ्रेमशी संबंध. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, ६.९४ मिलिसेकंद मिळतात, ६० हर्ट्झवर १६.६७. तेवढ्या वेळात प्रोसेसरने खेळाचं गणित, शत्रूंच्या हालचाली, वस्तूंच्या टकरी आणि ग्राफिक कार्डाला द्यायच्या आज्ञा, सगळं उरकायचं असतं. यातला बराचसा भाग बहुतेक खेळांत एकाच मुख्य थ्रेडवर चालतो. म्हणून एका कोअरचा वेग महत्त्वाचा, आणि म्हणूनच सोळा कोअरवाला प्रोसेसर खेळात आठवाल्याच्या पुढे जाईलच असं नाही.

पण त्या थ्रेडचा वेळ दोन गोष्टींत जातो : काम करण्यात आणि माहितीची वाट पाहण्यात. क्लॉक वाढवलं की फक्त पहिला भाग आखडतो. रॅममधून माहिती यायला एएम५ वर सुमारे ७०-८० नॅनोसेकंद लागतात. ५ गिगाहर्ट्झवर ७५ नॅनोसेकंद म्हणजे ३७५ ठोके कोअर रिकामा. ५.४ वर तेवढ्याच वेळात ४०५ ठोके वाया जातात. घड्याळ पळतं, काम तिथेच. तीच माहिती एल३ कॅशमध्ये असली तर दहाएक नॅनोसेकंदांत हातात येते. पोळ्या लाटणारीचा हात कितीही चपळ असो, कणीक संपली की पोळपाटापुढे बसून राहावं लागतं. ही जास्तीची कॅश म्हणजे शेजारी मळून ठेवलेला गोळा.

हिशोबापुरते आकडे घेऊ. समजा एका फ्रेमला प्रोसेसरचे ८ मिलिसेकंद लागतात, ५ कामाचे आणि ३ वाट पाहण्याचे. म्हणजे सेकंदाला १२५ फ्रेम. क्लॉक ८ टक्क्यांनी वाढवलं, म्हणजे ५.० चं ५.४ केलं, तर कामाचे ५ चे ४.६३ होतात, एकूण ७.६३, आणि फ्रेम १३१. क्लॉक तसंच ठेवून वाट पाहणं निम्म्यावर आणलं तर एकूण ६.५ आणि फ्रेम १५४. प्रत्येक खेळात हे गुणोत्तर वेगळं असतं. खोक्यावरचा गिगाहर्ट्झ वाचून फ्रेमचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळेच. २०१३ मध्ये एएमडीनेच एफएक्स-९५९० हा ५ गिगाहर्ट्झचा, २२० वॉटचा प्रोसेसर विकला होता, आणि खेळांत इंटेलचे ४ गिगाहर्ट्झच्याही आतले आय५ त्याच्या पुढे होते. आकड्यामागे धावायची हौस जुनीच.

कॅशचा सगळ्यात जास्त फायदा कुठे? मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने, स्टेलारिस, फॅक्टोरिओ, बॉल्डर्स गेट ३ चा तिसरा अंक. म्हणजे असे खेळ, जिथे शेकडो-हजारो वस्तूंची स्थिती दर क्षणी तपासावी लागते. काउंटर-स्ट्राइक २ मध्येही फरक ठळक, विशेषतः धूर आणि गर्दी असताना. फॅक्टोरिओची एक गंमत : कारखाना मध्यम असेपर्यंत हा प्रोसेसर सुसाट सुटतो, अवाढव्य झाला की ९६ मेगाबाइटही अपुरे पडतात आणि आघाडी घटते. व्हॅलोरंटसाठी मात्र एवढा खर्च करू नका. तिथे साधा रायझन ५ ७६०० सुद्धा शेकड्यांनी फ्रेम काढतो. जुन्या जीटीए ५ मध्ये तर फ्रेम १८८ च्या आसपास गेली की इंजिनच अडखळतं, तिथे ६० किंवा १२० वर मर्यादा घालून खेळणंच शहाणपणाचं.

सरासरीपेक्षा मोठा फरक पडतो तो १ टक्का नीचांकात, म्हणजे सगळ्यात वाईट फ्रेमांच्या वेगात. सरासरी १४० आणि नीचांक ६० असलेला खेळ हाताला खडबडीत लागतो. सरासरी १२० आणि नीचांक ९५ असलेला मऊ. मोठी कॅश ही दरी बुजवते, आणि माझ्या मते पैसे त्याचे आहेत, सरासरीचे नाहीत. एक गल्लत मात्र नेहमी होते. "लॅग होतंय" म्हणून प्रोसेसर बदलायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष वायफायचा असतो. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) वाढलं की गोळी उशिरा लागते, फ्रेम पडली की चित्र अडकतं. पहिल्याला राउटरपासून लॅन केबल लागते, प्रोसेसर नाही.

हा कुणी घेऊ नये? मॉनिटर ६० किंवा ७५ हर्ट्झचा आहे, कार्ड आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० च्या दर्जाचं आहे, सेटिंग अल्ट्रावर असते : अशांनी सरळ रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० घ्यावा आणि उरलेला पैसा कार्डात घालावा. शंका असेल तर आहे त्याच संगणकावर तपासता येतं. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर लावून फ्रेम आणि कार्डाचा वापर पडद्यावर आणा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. खेळातल्या सगळ्यात गर्दीच्या जागी उभे राहा. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर अडचण कार्डाची आहे, प्रोसेसर बदलून काही होणार नाही. ७० टक्के दिसत असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढलीच नाही, तर अडवणारा प्रोसेसर. टास्क मॅनेजरमधला एकूण टक्का पाहून "प्रोसेसर तर २० टक्केच वापरतोय" असं म्हणू नका. सोळा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ६.२५ टक्क्यांनीच वाढतो.

आता उकाडा, कारण परदेशी चाचण्या बहुतेक वेळा एसीच्या खोलीत होतात आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बेडरूममध्ये ३४ अंश सहज असतात. कूलर तोच, पंख्याचा वेग तोच, तर खोली जेवढी तापते जवळपास तेवढाच प्रोसेसर तापतो. २४ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारा प्रोसेसर ३४ मध्ये ७५ दाखवेल. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश, ७७००एक्सची ९५. मर्यादेला टेकला की तो स्वतःच क्लॉक उतरवतो, म्हणजे विकत घेतलेला ५ गिगाहर्ट्झ तुम्हाला मिळत नाही. सुदैवाने खेळताना हा बहुधा ५०-८० वॉटच ओढतो, त्यामुळे खोक्यावरचे १२० वॉट वाचून पाण्याच्या कूलरकडे पळायची गरज नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा, चार हीटपाइपचा सिंगल टॉवर हवेचा कूलर चालतो. बिनाएसीच्या खोलीत मात्र ड्युअल टॉवर घ्या, आवाज कमी राहतो. खोक्यात कूलर येत नाही, तो हिशोबात धरा. नवा खेळ पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना सगळे कोअर एकदम भिडतात आणि तापमान ८५ च्या पुढे उडी मारतं. काही मिनिटांचा प्रकार आहे, घाबरून पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) खरवडायला बसू नका.

कॅबिनेट समोरून पूर्ण काचेचं असेल तर ते ठाण्यात काय नि खारघरात काय, भट्टीच होतं. जाळीचा दर्शनी भाग, समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम आणि नवे टॉवर यांची बारीक धूळ इतकी येते, की समोरची जाळी महिन्याला ब्रशने झाडावी लागते. ती गच्च झाली की प्रोसेसर सहा-आठ अंश वर गेलेला दिसतो आणि लोक दोष पेस्टला देतात.

जोडणीत जे बिघडतं ते बहुतेक ठरलेलं आहे. एएम५ च्या पिना प्रोसेसरवर नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत, १७१८. बोर्ड हातात आला की झाकण उचलून मोबाइलच्या उजेडात तिरकं पाहा. एखादी जरी वाकलेली दिसली तरी दुकानातून बाहेर पडू नका, कारण घरी आल्यावर ती तुम्हीच वाकवली असं ठरतं. मागची लोखंडी पट्टी तशीच ठेवायची, कूलरच्या बांधणीनुसार फक्त वरचे प्लास्टिकचे कंस काढायचे. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरणारे अजूनही आहेत. तापमान चालू केल्या केल्या ८९ ला भिडलं की आधी तिथे बघा. पेस्टचा मटारएवढा ठिपका मध्यभागी आणि चारही स्क्रू तिरप्या क्रमाने थोडेथोडे आवळा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळा राहतो, कधीकधी कित्येक मिनिटं. डीडीआर५ रॅमची जुळवणी चालू असते. बोर्डावरचा डीरॅमचा दिवा लागलेला दिसेल, लागू द्या. इथे घाबरून बटण बंद-चालू करत बसलं की जुळवणी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते.

आणि बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर. २०२३ च्या वसंतात काही बोर्डांनी एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू करताना एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम कंट्रोलरला मिळणारं) प्रमाणाबाहेर चढवलं आणि काही ७८००एक्स३डी सॉकेटसकट जळाले. एएमडीने त्यानंतर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घालणारे बायोस दिले. दुकानातला बी६५० बोर्ड जुन्या साठ्यातला असू शकतो, म्हणून एक्सपोला हात लावण्याआधी बायोस नवा करा. बोर्डाला फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट बायोस बदलणारं, बटण असेल तर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाका, तिला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्या, खूण केलेल्या यूएसबी पोर्टला लावा, २४ पिनची आणि ८ पिनची वायर जोडलेली ठेवा आणि बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. पावसाळ्यातल्या संध्याकाळी, वीज ये-जा करत असताना, हे काम काढू नका. नंतर एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसओसी व्होल्टेज पाहा. ६००० च्या रॅमला १.२ ते १.२५ बहुधा पुरतं.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५-६०००. चार पट्ट्या लावण्याचा मोह टाळा. चारही खाचा भरल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, आणि ६००० वर चालल्याच तर नशीब. पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायोसमध्ये एक्सपो चालू केला नाही तर ६००० ची रॅम ४८०० किंवा त्याच्या आसपास रांगत राहते. सीएल, म्हणजे रॅमचा उशीर सांगणारा आकडा; सीएल३० आणि सीएल३६ मधला फरक कागदावर १० आणि १२ नॅनोसेकंद. या प्रोसेसरची मोठी कॅश तो बराचसा गिळते, म्हणून इथे स्वस्त सीएल३६ घेतली तरी चालेल. ७७००एक्ससारख्या लहान कॅशवाल्याला मात्र चांगली रॅम लागते. ६४०० च्या पुढे रॅम आणि तिच्या कंट्रोलरचं एकास एक प्रमाण सहसा सुटतं, तिथे जास्त पैसे देऊन हळू खेळण्याचा योग येतो.

अजून एक चूक, हास्यास्पद वाटेल पण रोजची : मॉनिटरची केबल बोर्डाला लावलेली. रायझन ७००० च्या बहुतेक प्रोसेसरांत छोटं ग्राफिक असतं, याच्यातही आहे, त्यामुळे चित्र येतं, विंडोज चालतं, आणि खेळ सरपटतो. केबल खालच्या कार्डाला लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ किंवा १६५ हर्ट्झ निवडलंय का तेही बघा, बऱ्याचदा ६० वरच राहिलेलं असतं.

क्लॉक टिकवायचा एकच खात्रीचा उपाय आहे, कर्व्ह ऑप्टिमायझर. बायोसमध्ये सगळ्या कोअरना उणे १५ द्या. व्होल्टेज उतरतं, तापमान उतरतं, आणि कमी क्लॉकवर घसरणं थांबतं. कोअरसायकलर या तपासणीच्या सॉफ्टवेअरवर रात्रभर तपासा. गडबड असेल तर ती भर खेळात न दिसता रिकाम्या डेस्कटॉपवर अचानक रीस्टार्ट होऊन दिसते, कारण हलक्या कामातच एखादा कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो. तसं झालं तर उणे १० वर या. उणे ३० ची बढाई मारणारे खूप भेटतात, त्यांचे प्रोसेसर त्यांना लखलाभ.

इंटेलच्या बाजूला बघितलं तर आय९-१४९००के ६ गिगाहर्ट्झला जातो, १४९००केएस ६.२ ला. खेळांत ७८००एक्स३डी त्यांच्या बरोबरीने किंवा पुढे राहतो आणि वीज खूप कमी खातो. फरक ७० वॉटचा धरला आणि रोज चार तास खेळ धरला, तर महिन्याला ८.४ युनिट. बिलात ही रक्कम मोठी नाही, पण ते ७० वॉट शेवटी तुमच्याच खोलीत उष्णता म्हणून उतरतात. शिवाय १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे झीज होऊन क्रॅश होण्याचा प्रश्न इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. वापरलेला १३९००के स्वस्तात मिळतोय म्हणून उचलताना हे डोक्यात ठेवा.

क्लॉक निरुपयोगी आहे असा याचा अर्थ काढू नका. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीने कॅशची चकती कोअरच्या खाली नेली, त्यामुळे उष्णतेला वरची वाट मोकळी झाली, बूस्ट ५.२ वर गेला आणि मल्टिप्लायरचं कुलूपही निघालं. कॅश तेवढीच ९६, आणि तरी फ्रेम वाढल्या, काही नव्या गाभ्यामुळे, काही क्लॉकमुळे. वाट पाहणं कमी झालं की उरलेल्या कामात क्लॉकची किंमत पुन्हा कळते. दोन्ही दुकानात असतील आणि फरक पाच-सहा हजारांच्या आत असेल तर ९८००एक्स३डी घ्या. त्याहून जास्त असेल तर ७८००एक्स३डी, आणि वाचलेले पैसे कार्डात. व्हिडिओ रेंडर किंवा ब्लेंडर हेच मुख्य काम असेल तर दोघांचाही विचार नको. तिथे माहिती सरळ ओळीने येते, कॅशचा उपयोग थोडाच, आणि जास्त क्लॉकचा स्वस्त ७७००एक्स या ७८००एक्स३डीला मागे टाकतो.

यूपीएस घेणार असाल तर वॉट वाचा. ६०० व्हीएचा साधा डबा साधारण ३६० वॉटचा असतो. आरटीएक्स ४०७० च्या वरचं कार्ड भरात असताना वीज गेली तर तो संगणकासकट बंद पडतो. १००० व्हीए, ६०० वॉट हा खालचा टप्पा धरा.

खरेदीला लॅमिंग्टन रोड अजूनही स्वस्त पडतो. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो ग्रँट रोडला. जाण्यायेण्याचा अर्धा दिवस आणि बिघडलं तर पुन्हा तोच फेरा, हे धरून भाव करा. पाचशे-हजारांच्या फरकासाठी ठाण्यातलं दुकान बरं. भाव विचारताना "बॉक्स की ट्रे?" हे आधी विचारा. सुट्ट्या ट्रे पीसचा भाव कमी असतो, पण बॉक्सवरची कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला नसते, दुकानदार देईल तीच. "बिल नको, जीएसटी वाचेल" म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा. १८ टक्के वाचतात आणि वॉरंटीचा कागद जातो. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, खोक्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या प्रोसेसरवरच्या नंबरशी तो ताडून बघा, आणि सील दुकानातच, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून फोडा.